वेब डेव्हलपरची मुलाखत की हॅकर्सचा सापळा?

लिंक्डइनवर रिक्रूटरचा मेसेज येतो. काम घरबसल्या, पगार चांगला. एक व्हिडिओ कॉल होतो आणि मग ‘टेस्ट’ म्हणून गिटहबवरच्या एका प्रोजेक्टची लिंक मिळते. त्यातली चूक शोधून दुरुस्त करायची. वेब डेव्हलपरच्या मुलाखतीत हे नेहमीचंच. नेमका याचाच फायदा हॅकर्स घेत आहेत.

प्रकार काय आहे?

सायबर सुरक्षा कंपनी पालो अल्टो नेटवर्क्सच्या ‘युनिट ४२’ या पथकाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ही मोहीम उघड केली. तिला नाव दिलं ‘कंटेजियस इंटरव्ह्यू’, म्हणजे संसर्गजन्य मुलाखत. यामागे उत्तर कोरियाशी संबंधित हॅकर्स असल्याचं संशोधकांचं म्हणणं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेही क्रिप्टो क्षेत्रातल्या कंपन्यांना अशा बनावट नोकऱ्यांबाबत सावध केलं.

सापळा कसा लावतात?

जावास्क्रिप्टचा प्रोजेक्ट चालवण्याआधी सहसा ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही कमांड द्यावी लागते. त्यातून लागणारी पॅकेजेस डाउनलोड होतात आणि त्यांच्यासोबत आलेल्या स्क्रिप्ट आपोआप चालू शकतात. म्हणजे उमेदवाराने एक ओळही लिहिण्याआधी घातक कोड कामाला लागलेला असतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट हे त्याचं लक्ष्य. टेस्ट ऑफिसच्या लॅपटॉपवर सोडवली, तर सध्याच्या कंपनीलाही धोका.

जाणकारही का फसतात?

कारण यात वेगळं काहीच वाटत नाही. खऱ्या कंपन्याही घरी सोडवायला टेस्ट देतात, मुदतही घालतात. त्यात जास्त प्रश्न विचारले तर हातची संधी जाईल, ही नोकरी शोधणाऱ्याची भीती.

काय काळजी घ्यावी?

- ही जागा कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर आहे का, ते पाहावं. रिक्रूटरचा ईमेल कंपनीच्याच डोमेनचा आहे का, तेही तपासावं.
- अनोळखी कोड आधी वाचावा. चालवायचाच असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये. ऑफिसच्या लॅपटॉपवर कधीच नाही.
- कोड चालवून झाला असेल तर इंटरनेट बंद करावं आणि दुसऱ्या डिव्हाइसवरून पासवर्ड बदलावेत. भारतात पैसे गेले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करावी.

टेस्ट ऑनलाइन एडिटरमध्ये सोडवू का, असं विचारायला हरकत नाही. तुमच्याच मशीनवर कोड चालवा, असा हट्ट कुणी धरला, तर तिथेच थांबलेलं बरं.