गुणवत्ता कोणत्या मापाने मोजायची?

आपल्या वसतिगृहातील मुलगी एम.बी.बी.एस. झाली की गावात पेढे वाटले जातात. आईवडिलांना वाटते, लेक पैलतीरी पोहोचली. वास्तविक तेथून दुसरी, अधिक अरुंद वाट सुरू होते. निवासी डॉक्टर म्हणून रुग्णालयात राहून एम.डी. किंवा एम.एस. होण्यासाठी पुन्हा निवड होते. ही निवड कशी होते, हे समाजाने जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते. कारण ‘गुणवत्ता’ या शब्दाचे घाव आपल्या लेकरांना याच दारात सोसावे लागतात.

आपल्याकडे बहुतेक जागांची निवड नीट-पीजी या एकाच परीक्षेवर होते. 200 प्रश्न, 800 गुण आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. रुग्णाचे ऐकून घेण्याची वृत्ती, रात्रपाळीतील धीर, हाताचे कसब यांपैकी काहीच त्यात मोजले जात नाही. अमेरिकेत याउलट रुग्णालयाचा विभाग उमेदवाराची मुलाखत घेतो, शिफारसपत्रे वाचतो. नंतर उमेदवार व विभाग दोघेही आपापला पसंतीक्रम देतात आणि संगणक त्यांची जुळणी करतो. तेथील परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुणही 2022 पासून जाहीर होत नाहीत. उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, एवढेच कळते.

मग तीच पद्धत येथे आणावी काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. मुलाखत घेणाऱ्यास आडनाव दिसते, आणि शिफारसपत्र ओळखीच्या घरातून येते. आडनाव न पाहता उत्तरपत्रिका तपासणारी परीक्षा अपुरी असली, तरी ती आपल्या लेकरांची ढाल आहे.

तथापि, या परीक्षेतील क्रमांक म्हणजेच संपूर्ण गुणवत्ता, हे आम्हांस मान्य नाही. अखिल भारतीय कोट्यातील इतर मागासवर्गीयांचे 27 टक्के आरक्षण वैध ठरविताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये हेच सांगितले: परीक्षेच्या गुणांत उमेदवारास लाभलेली सामाजिक व आर्थिक अनुकूलता दिसत नाही, म्हणून गुणवत्तेचा विचार सामाजिक संदर्भातच केला पाहिजे.

आता दुसरी बाजू पाहा. खुल्या प्रवर्गासाठी 50 आणि राखीव प्रवर्गांसाठी 40 पर्सेंटाइल ही नेहमीची पात्रता. 2023 मध्ये जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून ती सर्वच प्रवर्गांसाठी शून्यावर आणली गेली. परीक्षेस बसलेला प्रत्येक जण पात्र ठरला. खाजगी महाविद्यालयांतील महागड्या जागांपुढे मग गुणांची नव्हे, पैशाची अट उरली. दहा पर्सेंटाइलच्या सवलतीवर वर्षानुवर्षे बोट ठेवणाऱ्यांनी पैशाने मिळणाऱ्या जागेकडेही त्याच बोटाने का दाखवू नये? आणि प्रवेश कोणत्याही प्रवर्गातून झालेला असो, विद्यापीठाची अंतिम परीक्षा सर्वांना एकच असते, हे कोणीही विसरू नये.

परंतु केवळ युक्तिवादाने जागा मिळत नाहीत. आंतरवासितेच्या वर्षात रुग्णसेवा सांभाळून अभ्यास करावा लागतो. समुपदेशन फेरीत विषय व महाविद्यालयांचा पसंतीक्रम चुकीचा भरला, तर चांगला क्रमांकही वाया जातो. जात वैधता प्रमाणपत्र वेळेवर हाती नसल्यास राखीव जागा हातची जाऊ शकते. या गोष्टी सांगणारे ज्यांच्या घरात कोणी नाही, त्यांचे घर ही शाळाच आहे.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आमचे आपल्या माजी विद्यार्थी डॉक्टरांना नम्र आवाहन आहे: प्रत्येकाने दरवर्षी एका आंतरवासी विद्यार्थ्याचा हात धरावा, त्याचा पसंतीक्रम त्याच्याशेजारी बसून भरावा, आणि प्रवेशानंतर वॉर्डात त्याला कोणी हिणवले तर त्याच्या पाठीशी उभे राहावे. पालकांनीही वैधतेचा अर्ज लेकरू बारावीत जाण्यापूर्वीच करावा. ज्या वाटेने आपण आलो, ती मागून येणाऱ्यांसाठी थोडी रुंद करणे, हेच या वास्तूचे ऋण फेडणे होय.