पंप थांबवून वजन घटत नाही

दमा असलेले मूल अंगाने भरू लागले की घरच्यांचा पहिला संशय पंपावर. ‘त्यात स्टिरॉइड असते ना!’ मग पंप बंद होतो आणि दमा उसळतो. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये. दमा उसळल्यावर तोंडाने द्यावे लागणारे स्टिरॉइड मिलिग्रॅममध्ये, म्हणजे कित्येक पट. ते वारंवार द्यावे लागले की भूक आणि वजन वाढते. शिवाय धाप लागेल म्हणून मुलाला घरात बसवतात, हाती मोबाइल आणि बिस्किटांचा पुडा! दक्षिण कॅलिफोर्नियातील दोन हजारांवर मुलांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहानपणी दमा असलेल्यांना पुढे लठ्ठपणाचा धोका ५१ टक्के अधिक आढळला. दमा आटोक्यात असेल तर मुलाला पळू द्यावे. पळताना धाप लागलीच, तर खेळ बंद न करता डॉक्टरांना सांगावे.