बाळाची कावीळ मोबाइलला दिसेल का?

नवजात बाळाची कावीळ बहुतेक वेळा आपोआप ओसरते. तांबड्या पेशी फुटून तयार होणारे बिलिरुबिन बाळाच्या यकृताला लगेच बाहेर टाकता येत नाही, म्हणून तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बाळ पिवळसर दिसते. काही बाळांत मात्र ते इतके वाढते की मेंदूत शिरते; मग बहिरेपणा, हातापायांच्या अनियंत्रित हालचाली, क्वचित मृत्यू. वेळेत निळ्या प्रकाशाचे उपचार मिळाले तर हे बहुतेक टळते. अडचण आहे ती वेळेत ओळखण्याची.

डोळ्यांनी पाहून केलेला अंदाज फसवा असतो, सावळ्या त्वचेवर तर फारच. मोबाइलचा कॅमेराही भोळा नाही. खोलीतला बल्ब पिवळा असला की तो रंग आपल्या मनाने ‘सुधारतो’, चेहरा उजळवतो. लग्नाच्या फोटोला हे ठीक. काविळीच्या तपासणीत नेमका हवा तो पिवळेपणाच पुसला जातो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी यावर काढलेला तोडगा साधा आहे. त्वचा सोडून डोळ्याचा पांढरा भाग पाहायचा, कारण तिथे त्वचेला सावळेपणा देणारे मेलॅनिन अडथळा आणत नाही. फोटो दोन घ्यायचे, एक फ्लॅशसह आणि एक फ्लॅशशिवाय. पहिल्यातून दुसरा वजा केला की खोलीतल्या प्रकाशाचा परिणाम निघून जातो आणि उरतो तो फक्त फ्लॅशच्या उजेडातला रंग. घानातील डॉक्टरांबरोबर तिथल्या 300 हून अधिक बाळांवर या ‘निओएससीबी’ ॲपची चाचणी झाली. तीव्र कावीळ असलेल्या 79 बाळांपैकी 74 ॲपने बरोबर ओळखली.

साध्या फोनसाठी हे उत्तमच. पण बातमीत 74 चा गाजावाजा होतो. वॉर्डात काम करणाऱ्याची नजर सुटलेल्या पाच बाळांवर जाते. ‘मोबाइलने नाही म्हटले’ या भरवशावर घरी थांबलेले बाळ हा खरा धोका आहे. शिवाय प्रत्येक फोनचा कॅमेरा वेगळा. आणि नवजात बाळ बराच वेळ झोपलेलेच असते. त्याचे डोळे उघडे मिळवणे किती कठीण, हे कोणत्याही आजीला विचारावे. त्यामुळे हे ॲप म्हणजे चाळणी. रक्त कोणाचे तपासायचे, एवढेच ते सुचवू शकते.

चाळणीचीही आपल्याकडे गरज मोठी आहे. रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळाकडे आशाताईंची पहिली गृहभेट तिसऱ्या दिवशी आणि पुढची सातव्या दिवशी असते. कावीळ चढते ती नेमकी या दोन भेटींच्या मध्ये. आशाताईंच्या पिशवीत ताप मोजायला थर्मामीटर, श्वास मोजायला घड्याळ आणि वजनकाटा असतो. कावीळ मोजायला काहीच नाही. असे ॲप त्यांच्या हाती द्यायचे, तर आधी ते आपल्या बाळांवर, त्यांच्याकडच्याच स्वस्त फोनवर तपासले पाहिजे. आणि ॲपने धोका सांगितला, तर त्याच दिवशी रक्ततपासणी होईल अशी जागा जवळ हवी.

तोवर घरच्यांनी बाळाला खिडकीच्या उजेडात पाहावे. पहिल्या 24 तासांतच पिवळेपणा आला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ दूध ओढेना किंवा सारखे पेंगत राहिले, तर कोवळ्या उन्हावर विसंबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.