बसमध्ये पुढे, जहाजात मागे

जळगाव-धुळ्याकडचा माणूस जहाजातली केबिन एसटीच्या अनुभवावर निवडतो. त्याला दुसरा अनुभव असणार तरी कुठून? समुद्र आमच्या वाट्याला आलेला नाही. दारावरून तापी वाहते, पण तीही समुद्राला मिळते ती सुरतेपाशी, गुजरातेत. आम्ही लहानपणापासून केलेला लांबचा प्रवास म्हणजे धुळे-नाशिक, नाहीतर जळगाव-औरंगाबाद. त्यातून एकच धडा पक्का झाला: मागची सीट घ्यायची नाही. ‘मांगे नको बठू भो, पोटमा ढवळी.’ आता तेच वाक्य ट्रॅव्हल एजंटच्या टेबलाशी, जहाजाचा डेक प्लॅन समोर पसरलेला असताना, तितक्याच ठामपणे ऐकू येतं. एजंटने मागच्या टोकाच्या बाल्कनीवर बोट ठेवलं की काका मान हलवतात, मावशी पर्समधली अ‍ॅव्होमिनची पट्टी चाचपते आणि मधली केबिन ठरते. मधली, नाहीतर बिनखिडकीची.

काकांच्या त्या मान हलवण्याला माझा विरोध आहे.

हा वाद हौसेचा असला तरी हवेतला नाही. कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोचीकडे फेऱ्या करू लागलं. जळगावहून रात्रीची गाडी धरली की सकाळी सीएसएमटी आणि तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने काही मिनिटांवर. मात्र हे जहाज जुनं आहे. ते १९९० साली फ्रान्समधल्या सेंट नाझेरला ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधलं गेलं. लांबी २११ मीटर. त्या काळी जहाजांना बाल्कन्यांचं एवढं वेड नव्हतं, त्यामुळे बाल्कनीच्या केबिन मोजक्याच. तिथे वाद फार रंगत नाही; जी मिळेल ती घ्यावी लागते. वाद खरा रंगतो तो सिंगापूरच्या सहलीत. तिथे २०२२ पासून फिरणारं ‘गेंटिंग ड्रीम’ सुमारे ३३५ मीटर लांब आहे आणि त्याच्या बहुतेक केबिनना बाल्कनी आहे. कापसाचे नाहीतर केळीचे पैसे हातात आल्यावर आमच्याकडे जे ग्रुप जमतात, त्यांची पहिली क्रूझ पुष्कळदा हीच असते.

आधी बसचा मुद्दा घेऊ, कारण सगळं त्यावर उभं आहे. बसची शेवटची सीट मागच्या चाकांच्याही मागे लोंबत असते. चाक खड्ड्यात गेलं की त्या लोंबत्या भागाला दणका वाढून बसतो आणि बसलेला माणूस टपाला लागतो. जहाजाला चाकं नाहीत. ते सगळ्या लांबीभर पाण्यावर टेकलेलं असतं. लाटेवर ते डोललं की मधला भाग जवळजवळ जागच्या जागी राहतो आणि दोन्ही टोकं आळीपाळीने वर-खाली होतात. म्हणजे काकांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे: मागचं टोक मधल्यापेक्षा जास्त हलतं. हे नाकारणारा एजंट खोटं बोलतो आहे असं खुशाल समजावं.

पण किती हलतं, हा प्रश्न काका विचारतच नाहीत.

खोल पाण्यात लाटेची लांबी काढायचा सोपा हिशेब आहे. एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते ते पाहायचं, त्या आकड्याचा वर्ग करायचा आणि १.५६ ने गुणायचं. आठ सेकंदांची लाट झाली शंभर मीटरची. ३३५ मीटरच्या जहाजाखाली अशा तीन लाटा एका वेळी मावतात. एक टोक उचलायला जाते तोवर दुसरी मधला भाग उचलते, आणि जहाज फारसं डोलत नाही. त्यात सिंगापूरकडची ही जहाजं बव्हंशी मलाक्काच्या सामुद्रधुनीत फिरतात. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलेशिया. मोठी लाट तयार व्हायला मोकळी जागाच कमी. तिथे ‘मागे हलेल’ म्हणून केबिन नाकारणं म्हणजे उन्हाळ्यात पांझरेला पूर येईल म्हणून धुळ्यातलं घर विकणं.

अरबी समुद्रातला पावसाळा मात्र वेगळा. नैऋत्येकडून येणाऱ्या लांब लाटा बारा सेकंदांच्याही असतात, आणि बारा सेकंदांची लाट म्हणजे जवळजवळ सव्वादोनशे मीटर. २११ मीटरच्या जहाजाची लांबी त्याच्या अगदी जवळची. लाट आणि जहाज साधारण सारख्या लांबीची झाली की डोलणं सर्वांत वाढतं. तेव्हा काका बरोबर, मी चूक. पण भर पावसाळ्यात मुंबईहून गोव्याची क्रूझ सहसा निघत नाही. मग वर्षभराचा निकाल पावसाळ्यावरून का लावायचा?

आणखी दोन गोष्टी एजंटच्या टेबलावर कुणी बोलत नाही. एक म्हणजे, जहाज ज्या रेषेभोवती डोलतं ती बहुतेक जहाजांत मध्याच्या जरा मागे असते. म्हणून मागचं टोक पुढच्या टोकाइतकं उचललं जात नाही, आणि पुढचं टोक लाटेवर आपटतं तसं ते आपटतही नाही. ‘दोन्ही टोकं सारखीच’ हे तितकंसं खरं नाही. दुसरी गोष्ट आडव्या हेलकाव्यांची, डावीकडून उजवीकडे होणाऱ्या. ते पुढे, मध्ये, मागे सारखेच लागतात. फरक पडतो तो उंचीने. जितकं वर जाल तितका झोका मोठा. तरी आमच्या ग्रुपमधली माणसं ‘हवेशीर’ म्हणून सर्वांत वरचा मजला मागतात, आणि तो मागताना त्यांना एसटी आठवत नाही.

माझ्याच बाजूचे काही वकील मात्र एक भलतंच समर्थन देतात, तेही खोडायला हवं. म्हणे जहाजाचा हेलकावा मंद असतो, म्हणून त्रास होत नाही. उलट आहे. वर-खाली होण्याने येणारी मळमळ साधारण पाच सेकंदांत एक अशा संथ हेलकाव्यात सर्वांत जास्त असते. खडखडाटाने पाठ दुखेल, पोट इतकं ढवळत नाही. तेव्हा ज्याला अजिंठ्याच्या घाटात हटकून उलटी होते, त्याने मागची केबिन घेऊ नये. त्याने मधली घ्यावी, खालच्या मजल्यावरची घ्यावी, आणि खिडकीची घ्यावी. बंद खोलीत कानाला हलणं जाणवतं पण डोळ्याला भिंत स्थिर दिसते. त्या विसंगतीनेच तर पोट बिघडतं. क्षितिज दिसलं की पुष्कळांना बरं वाटतं. आणि असल्या माणसालाच आपण पैसे वाचवायला बिनखिडकीची खोली देतो.

बिनखिडकीच्या खोलीचं समर्थन एका वाक्यात होतं: ‘खोलीत फक्त झोपायचंच तर असतं.’ हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे, किराणा दुकानात ऐकलं आहे, आणि प्रत्येक वेळी बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर सौदा जिंकल्याचा आनंद असतो. पण झोपायचंच तर हॉटेल काय वाईट? बुफे जळगावातही मिळतो. डीजे तर नको म्हटलं तरी मिळतो. जमिनीवर न मिळणारी जहाजावरची एकमेव गोष्ट म्हणजे समुद्र, आणि तीच सोडून बाकी सगळ्याचे पैसे भरायचे, याला काटकसर म्हणता येत नाही. उघड्या डेकवर जाऊन समुद्र फुकट दिसतो, हे उत्तर ठरलेलं असतं. दिसतो ना. गाणी लावलेली, खुर्च्या सकाळीच टॉवेल टाकून अडवलेल्या, आणि दुपारचं ऊन असं की मे महिन्यातलं भुसावळ बरं. ज्याने आयुष्यात समुद्र पाहिला तो जुहूच्या चौपाटीवरून, भेळ खाताना, त्याला तासभर एका जागी गप्प बसून तो पाहायला मिळणं ही चैन नाही. त्यासाठीच तर तो गेला आहे.

मग बाल्कनी बाजूची का नको? कारण जहाज धावत असतं. अठरा नॉट म्हणजे ताशी तेहतीस किलोमीटर. बाजूच्या बाल्कनीत तेवढा वारा फुकटचा अंगावर येतो, साडीचा पदर सांभाळायचा की चहा, असा प्रश्न पडतो. मागे सगळं जहाज आडोशाला उभं असतं. शिवाय मधल्या भागात खालच्या मजल्यांवर पुष्कळ जहाजांना जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात. बाल्कनीचे पैसे भरून भगव्या होडीचं टप पाहणारी कुटुंबं असतात. आणि दिशेचं पाहा. मुंबईहून गोव्याला जाताना जहाज दक्षिणेला चाललेलं असतं. उजव्या बाजूला सूर्यास्त, डाव्या बाजूला किनारा. एका बाजूची बाल्कनी घेतली की दुसरं गेलं, परतीत उलट. मागच्या बाल्कनीत तोंड उत्तरेला. डाव्या हाताला सूर्य बुडतो, उजव्या हाताला सह्याद्रीची रेघ धूसर होत जाते, आणि मधोमध जहाजाने मागे टाकलेला पाण्याचा पट्टा. बंदरातलं पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं असतं. पंख्यांनी घुसळलं की त्यावर मळकट फेस येतो. बाहेर पडल्यावर तोच फेस पांढरा होतो, त्याच्या पोटात फिकट हिरवा रंग उमटतो आणि काठाला बुडबुडे विरत राहतात. पाण्यापासून पंचवीस मीटर उंचीवर बसलं तर क्षितिज सुमारे अठरा किलोमीटरवर असतं, तो पट्टा तिथवर नजर घेऊन जातो. बाजूच्या बाल्कनीतून पाणी नुसतं सरकतं. मागे बसलं की आपण किती आलो ते दिसतं.

टायटॅनिकचं नाव कुणीतरी काढणारच, म्हणून उत्तर देऊन ठेवतो. ते पुढून बुडालं; मागचं टोक शेवटी गेलं. हा मुद्दा मी केबिनच्या बाजूने मांडत नाही, कारण तसा मांडणं वाह्यातपणा होईल. पण भीतीसाठी उदाहरण द्यायचंच तर निदान बाजू तरी नीट निवडावी.

आता मागच्या केबिनचे खरे दोष, जे काका सांगत नाहीत कारण त्यांना बसच्या पलीकडे जायचं नाही. धुराड्यातली काजळी. वारा पाठीमागून, म्हणजे जहाज चाललंय त्याच दिशेने, आणि साधारण त्याच वेगाने वाहू लागला की धूर मागच्या टोकाभोवती रेंगाळतो. कठड्यावरून हात फिरवला तर बोटं काळी होतात. हिवाळ्यात गोव्याकडे जाताना उत्तरेचा वारा असला तर हे घडू शकतं. दुसरं, पंखे खाली तिथेच असतात. खालच्या मजल्यांवर पलंगाला बारीक थरथर लागते, आणि पहाटे जहाज धक्क्याला लागताना ती वाढते. तिसरं, अनेक जहाजांचं मागचं टोक पायऱ्यापायऱ्यांनी उतरतं. त्यामुळे तुमची बाल्कनी ऐसपैस होते खरी, पण वरच्या मजल्यावरचा माणूस तुमच्या ताटात काय आहे ते पाहू शकतो. बाल्कनीत लुगडं वाळत घालायचा विचार असेल तर तो सोडा. कठड्यावर कापड टाकायला बंदीच असते. चौथं, परतीच्या उत्तरेकडच्या प्रवासात हीच बाल्कनी दक्षिणेला तोंड करते, आणि हिवाळ्याचा सूर्य दक्षिणेतच असतो. दिवसा प्रवास असेल तर दुपारभर ऊन. गुडघे दुखणाऱ्याने तर थिएटर पुढच्या टोकाला आहे का, हे आधी विचारावं. ३३५ मीटरच्या जहाजात जेवणानंतरचा फेरफटका सक्तीचा होतो.

यातले बरेचसे दोष डेक प्लॅन वाचला तर टळतात. वर बुफे, तलाव किंवा डिस्को नको. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असलेला मजला पाहावा. अगदी खालचा नको, थरथरीसाठी. अगदी वरचा नको, झोक्यासाठी आणि काजळीसाठी. कोपऱ्यातली मिळाली तर दोन दिशा दिसतात, पण तिथे कठडा काचेचा आहे की पत्र्याचा, हे फोटो पाहून ठरवावं. आणि एजंट ‘कोणतीही केबिन मिळेल, थोडं स्वस्त पडेल’ म्हणाला तर समजावं की निवड कंपनी करणार, आपण नाही. मग एवढा वाद घालून उपयोग काय?

ग्रुपचा मुद्दा उरतो, आणि तो आमच्याकडे सर्वांत जड. पाच घरं निघाली की पाच केबिन शेजारी हव्यात, मुलांची ये-जा हवी, पत्ते हवेत. मागच्या टोकाला केबिन थोड्याच असतात. पाच शेजारी मिळणं कठीण. म्हणून सगळे मिळून मधल्या भागात बिनखिडकीच्या घेतात आणि समुद्र एकमेकांच्या मोबाइलमध्ये पाहतात. याला सोपा तोडगा आहे. चार घरांनी साध्या केबिन घ्याव्यात, एकाने मागची बाल्कनीवाली, आणि फरकाचे पैसे पाचांत वाटून द्यावेत. संध्याकाळचा चहा पाळीपाळीने तिथेच. ती केबिन कुणाच्या नावावर घ्यायची यावर भांडण होणार, हे उघड आहे. ते जळगाव स्टेशनवर गाडी यायच्या आत मिटवावं. पनवेलच्या मेव्हण्याला मध्ये घेतलं तर बॅलार्ड पिअरपर्यंत मिटणार नाही.