निवडणूक कायद्यात आहे, कॉलेजात कधी?

सोलापुरात मी शिकत असताना वर्गप्रतिनिधी गुणपत्रिकेवरून ठरायचा. पहिला नंबर आला की झाला प्रतिनिधी. मत कुणी विचारलेच नाही. 1994 च्या विद्यापीठ कायद्याची ती पद्धत. निवडणुकीतल्या हिंसाचारावर उपाय म्हणून मतदानच बंद केले गेले.

2016 च्या कायद्याने थेट निवडणूक परत आणली. विद्यार्थी परिषदेत एक जागा विद्यार्थिनीसाठी, एक मागास प्रवर्गांसाठी आळीपाळीने. म्हणजे ओबीसीची पाळी आली, तर मोमीन, बागवान घरातला मुलगाही त्या जागेवर उभा राहू शकतो. 2019 मध्ये वेळापत्रक जाहीर झाले, पण ते पुढे ढकलले गेले. मग कोरोना आला, आणि कायदा कागदावरच राहिला.

वसतिगृह, शिष्यवृत्तीचे रखडलेले पैसे, हिजाब घालणाऱ्या मुलीला मिळणारी वागणूक, हे प्रश्न मांडायला निवडून आलेला माणूस लागतो. अर्ज घेऊन एकेकट्याने केबिनबाहेर उभे राहणे हा त्याला पर्याय नाही.

अठराव्या वर्षी आमदार निवडता येतो, मग वर्गप्रतिनिधी का नाही? आपल्या मुलामुलींनी हा प्रश्न सर्व समाजांतल्या मित्रांसोबत, लेखी, प्राचार्यांना विचारावा.