दोन युआनांची नौका

प्रवास करावा तो श्रीमंतांनीं, गरिबानें नकाशा पाहून समाधान मानावें, असें आपल्यांतील पुष्कळांस वाटतें. परदेशाची गोष्ट निघाली कीं पालकांच्या मनांत प्रथम हिशेबाची वही उघडते. ही चिंता अनाठायीं नव्हे. दूर देशीं जाण्याचें भाडें थोडें नसतें. परंतु तेथें पोंचल्यावर शहर पाहाण्यास आणि पोटभर जेवण्यास मोठी रक्कम लागतेच, ही समजूत मात्र चुकीची आहे. किंबहुना थोड्या पैशांत हिंडणारालाच शहर अधिक दिसतें, असें माझें मत आहे. उदाहरणादाखल चीनमधील शांघाय शहर घेऊं.

२०२० च्या शिरगणतीप्रमाणें या शहराची लोकसंख्या सुमारें अडीच कोटी. हुआंगपू नदी त्याच्या मधून वाहते. पूर्वेकडील पुदोंग भागांत ६३२ मीटर उंचीचा शांघाय टॉवर २०१५ सालीं पुरा झाला. त्यावर चढून शहर पाहाण्यास शंभराहून अधिक युआन पडतात. उलट, नदी ओलांडणाऱ्या साध्या नौकेचें तिकीट अवघें दोन युआन, म्हणजे आपले सुमारें पंचवीस रुपये. मनोऱ्यावरून सर्व दिसतें, पण खुद्द मनोरा दिसत नाहीं, आणि माणसें तर मुळींच ओळखूं येत नाहींत. नौकेवरून दोन्ही कांठ समोरासमोर दिसतात आणि माणसें खांद्याला खांदा लावून उभीं असतात.

पश्चिम कांठावरील रस्त्यास ‘बंड’ म्हणतात. पुण्याच्या बंड गार्डनच्या नांवांतील हाच शब्द. मूळ फारसी, हिंदुस्थानांतून इंग्रजांबरोबर तिकडे गेलेला. तेथें फिरण्यास एक पैही पडत नाहीं. १९२७ सालचें घड्याळाच्या मनोऱ्याचें जकातघर तेथें आहे, आणि १९२९ सालचें हिरव्या टोकदार छपराचें ससून हाउसही आहे. ज्या घराण्याच्या देणगीनें पुण्यास १८६७ सालीं ससून रुग्णालय उभें राहिलें, त्याच घराण्यांतील व्हिक्टर ससून यांनीं ही इमारत बांधविली. या घराण्याच्या पूर्वीच्या संपत्तीचा एक भाग हिंदुस्थानांतून चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापारांतून आला होता. हें ज्यास ठाऊक आहे, त्यास त्या छपराकडे पाहून जें उमगेल, तें कोणत्याही महाग तिकिटानें उमगणार नाहीं. वाचन ही प्रवासाची खरी शिदोरी होय. ती घरूनच बांधून न्यावी लागते.

समोरच्या पुदोंगमध्यें १९९० पूर्वीं शेतें, गोदामें व मजुरांचीं घरें होतीं. ‘पुदोंगमधील खोलीपेक्षां पश्चिमेकडील एक खाट बरी’, असें शांघायचे लोक म्हणत. शहराच्या मध्य भागांत नदीवर पहिला पूल झाला तो १९९१ सालीं. तोंपर्यंत कामकऱ्यांचा मुख्य आधार ही नौकाच. १९८७ च्या डिसेंबरांत दाट धुक्यामुळें नौका थांबल्या, आणि त्या पुन्हां सुरू होतांना धक्क्यावरील चेंगराचेंगरींत ६६ माणसें दगावलीं. आज पूल, बोगदे व भुयारी रेल्वे आहे. तरीही सायकली घेऊन जाणारे कामकरी नौकेवर असतातच. आपली मौज ती त्यांच्या पोटापाण्याची वाट आहे, हें विसरूं नये.

जेवणाचीही तीच गोष्ट. भाजलेली जाड पोळी, तळलेली पिठाची लांब कांडी, सोयाबीनचें ऊन दूध आणि चिकट भाताचा मुटका या न्याहारीच्या चार पदार्थांस तेथें गमतीनें ‘चार रक्षक देव’ म्हणतात. थोड्या युआनांत त्यांनीं पोट भरतें. शेंगजिएन नांवाचे मांसाचे उंडे पसरट कढईंत शिजवितात. बूड कुरकुरीत, वर तीळ व कांद्याची पात. सारणांत थिजविलेला रस घालतात, तो उष्णतेनें वितळतो. एकदम चावणाराचें तोंड भाजतें. आधीं लहानसें भोंक पाडून रस चोखावा लागतो. शेजारच्या बाकावरील माणसाकडे पाहून हें आपोआप शिकतां येतें. मांस न खाणारांस भाजीचे उंडे मिळतात. मात्र त्यांत चरबी आहे कीं काय, तें विचारून घ्यावें.

कोणी म्हणेल, ही काटकसर कीं कंजूषपणा? दोहोंत अंतर आहे. स्वतःच्या चैनीचा खर्च तोडणें ही काटकसर. पहांटे उठून चूल पेटविणाऱ्या विक्रेत्याशीं एका युआनासाठीं हुज्जत घालणें हा कंजूषपणा. स्वच्छ पाणी, औषध व अडीअडचणीची रक्कम यांतही हात आखडूं नये.

म्हणून पालकांस विनंती अशी कीं, मुलगा अथवा मुलगी प्रवासाहून परत आल्यावर ‘किती खर्च झाला?’ हें अवश्य विचारावें. पण ‘कोणाच्या शेजारीं बसून जेवलास?’ हेंही विचारण्यास चुकूं नये.