जुन्या मोटारी व विकणाऱ्याची हमी

गुरांच्या बाजारांत बैल घेतांना आपला शेतकरी काय काय करतो हें वाचकांस सांगावयास नको. तो बैलाचें तोंड उघडून दांत पाहतो, खूर उचलून पाहतो, चालवून पाहतो, जमल्यास औताला जुंपून पाहतो, आणि एवढें करूनहि दोन जाणत्या माणसांस 'ह्याला कांहीं खोड आहे काय' असें विचारल्यावांचून पैसे मोजीत नाहीं. जमीन घ्यावयाची झाली तर सात-बाराचा उतारा, फेरफार, इतर हक्कांतील बोजा हें सर्व तो पाहून घेतो. असा हा सावध मनुष्य जुनी मोटार घ्यावयास मालाडास किंवा अंधेरीस जातो तेव्हां मात्र त्याची अक्कल कोठें जाते हें आम्हांस आजवर उमगलेलें नाहीं. रंग चकचकीत दिसला, आंतील गाद्यांस नवीं आवरणें दिसलीं, इंजिन एका किल्लीसरशीं चालू झालें, आणि विकणाऱ्यानें 'एक वर्षाची वॉरंटी देतों, काका' असें म्हटलें कीं ह्याचा हात खिशांत गेलाच.

हें आम्ही कोणास हिणविण्याकरितां लिहीत नाहीं. गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडावर मढच्या आमच्या शेजारच्या वाडीवाल्या गृहस्थांनीं उपनगरांतील एका विक्रेत्याकडून आठ वर्षें वापरलेली मोटार ३ लाख ४० हजार रुपयांस घेतली. मढला एका अंगास समुद्र व दुसऱ्या अंगास खाडी. वेसाव्याची तर माणसें व दुचाकी नेते, मोटार नेत नाहीं. तेव्हां भाजी असो, नारळ असोत कीं आजारी माणूस असो, मार्व्यावरून मालाडपर्यंतचा वळसा घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. म्हणून ही खरेदी चैनीची म्हणतां येणार नाहीं. पांचव्या आठवड्यांत आक्शाच्या रस्त्यावर उष्णतेचा कांटा चढला व बॉनेटखालून वाफ येऊं लागली. गृहस्थांनीं गाडी तेथेंच थांबविली, हें चांगलें केलें. मालवणीच्या मिस्त्रीनें इंजिन उघडलें तेव्हां हेड गॅस्केट जळालेली निघाली. एवढेंच असतें तर दैवाची गोष्ट म्हणून सोडून देतां आलें असतें. परंतु रेडिएटरच्या पाण्यांत गळती बुजविण्याची भुकटी घातलेली होती व हेडच्या सांध्यावर बाहेरून मसाला लिंपलेला होता. म्हणजे रोग जुना. तो विकणाऱ्यास किंवा आधींच्या धन्यास ठाऊक होता, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत दाबून ठेविला होता. दुरुस्तीचा अंदाज निघाला ३८,५०० रुपये.

विक्रेत्याचें उत्तर एका वाक्याचें होतें: गाडी बाहेरच्या मिस्त्रीनें उघडली, सबब वॉरंटी रद्द. तेव्हां आम्हीं चष्मा लावून तो वॉरंटीचा कागद वाचावयास घेतला. नोकरींत असतांना बारीक अक्षरांतले पुष्कळ कागद आमच्या हाताखालून गेले, परंतु इतके थोडें देऊन इतकें राखून ठेवणारे फारसे पाहिल्याचें स्मरत नाहीं. हमी इंजिन व गिअरबॉक्स ह्यांच्या 'आंतील भागां'ची. त्यांतून गॅस्केट, रबरी नळ्या, पट्टे, क्लच, ब्रेक, सस्पेंशन, एसी व विजेचे सर्व भाग वगळलेले. अति उष्णतेनें झालेली हानि वगळलेली. खर्चाची मर्यादा २५ हजार. सर्व्हिस त्यांच्याच गॅरेजांत, नाहींतर हमी नाहीं. आणि दोष हमींत बसतो कीं नाहीं ह्याचा निर्णय विक्रेत्याचा! गाडीचे जे भाग सहसा मोडत नाहींत, त्यांचीच ती हमी होती. आमच्या शेजाऱ्यांनीं त्या कागदावर सही केलेली होती. वाचला कां नाहीं असें विचारतां ते म्हणाले, 'वरचें मोठें अक्षर वाचलें.'

आतां विक्रेत्याचा कागद हा कांहीं देशाचा कायदा नव्हे. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याच्या १६ व्या कलमाचें मूळ तत्त्व, मालाच्या गुणाविषयीं गिऱ्हाइकानेंच डोळे उघडे ठेवावे, असें आहे खरें. परंतु त्याच कलमांत असेंहि म्हटलें आहे कीं, ज्या प्रकारच्या मालाचा विकणारा व्यापार करतो तो माल वर्णनावरून घेतला असेल, तर तो बाजारांत चालण्याजोगा असला पाहिजे. ह्यालाहि एक अट आहे: गिऱ्हाइकानें माल तपासून घेतला असेल, तर तपासणींत दिसावयास हव्या होत्या अशा दोषांची तक्रार मागाहून चालत नाहीं. घासलेल्या टायरांची बोंब पंधरा दिवसांनीं मारून उपयोग नाहीं. पण भुकटी घालून दडविलेली गळती ही कोणत्या गिऱ्हाइकाला दिसणार? विक्रेते 'गाडी जशी आहे तशी' असें लिहून घेतात तें ह्याच कलमाची धार बोथट करण्याकरितां. ६२ वें कलम त्यांना करारानें तशी मोकळीक देतें. म्हणून ज्या कागदावर 'जशी आहे तशी' हे शब्द असतील त्यावर सही करण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा.

अधिक उपयोगाचा आहे तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. १९८६ च्या कायद्याच्या जागीं तो आला व २० जुलै २०२० पासून अंमलांत आहे. जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणें, पुरेशा कसोटीवांचून मालाच्या टिकाऊपणाची हमी देणें, बिल न देणें, ह्या सर्व गोष्टी त्यांत अनुचित व्यापारी प्रथा म्हणून गणल्या आहेत. गाडी एकदांहि नीट न तपासतां 'एक वर्षाची वॉरंटी' छापणारे जे विक्रेते आहेत त्यांनीं ह्यांतील दुसरी गोष्ट वाचून ठेवावी. तक्रार घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत करावी लागते. आपण राहतों त्याच जिल्ह्यांत ती करतां येते, म्हणजे मढच्या माणसाला वांद्र्यास जावें लागतें, विक्रेत्याच्या गांवीं नव्हे. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाहीं. वकील दिलाच पाहिजे असेंहि नाहीं. त्यापूर्वीं १९१५ ह्या क्रमांकावर फोन करून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवितां येते, व कांहीं विक्रेते तेवढ्यानेंच वळणावर येतात.

एका गोष्टीविषयीं शेतकऱ्यांनीं विशेष जपावें. व्यापारी हेतूनें घेतलेल्या मालाची तक्रार ह्या कायद्याखालीं चालत नाहीं; मात्र केवळ स्वतःच्या उपजीविकेकरितां, स्वतः राबून वापरलेल्या मालास ही आडकाठी नाहीं. आपला टेम्पो आपण चालवून आपली भाजी नेणारा मनुष्य ग्राहकच आहे. पण तीन टेम्पो ठेवून, पगारी ड्रायव्हर नेमून, दुसऱ्यांचा माल भाड्यानें नेणाऱ्यास हा दरवाजा बहुधा बंद होईल. तेव्हां विक्रेत्याच्या फॉर्मवर मोठेपणा मिरविण्याकरितां 'धंदा: वाहतूक' असें लिहूं नये.

न्यायालयें गिऱ्हाइकाच्या बाजूनें डोळे मिटून कौल देतात अशी मात्र कोणी समजूत करून घेऊं नये. मारुतीच्या एका प्रकरणांत २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, हमी जर सदोष भाग बदलून देण्यापुरती असेल तर एका भागाकरितां सबंध गाडी बदलून मागतां येत नाहीं. गोव्यांतील एक प्रकरण तर आम्हांस फार बोधप्रद वाटतें. २०११ सालीं एका गृहस्थांनीं नव्या गाडीचे पैसे भरले. हातीं आली ती २००९ सालीं बनलेली, ६२२ किलोमीटर धांवलेली व खालून गंजलेली. दावा टाटा मोटर्सपर्यंत व शेवटीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ सालीं निकाल असा झाला कीं, ह्या लबाडीची कंपनीला माहिती होती असें सिद्ध झालेलें नसल्यामुळें कंपनी जबाबदार नाहीं; जबाबदारी विकणाऱ्या डीलरची. नव्या गाडीच्या बाबतींत ही स्थिति, तर जुन्या गाडीच्या बाबतींत कंपनीच्या नांवाकडे पाहून पैसे मोजणें म्हणजे पाटावर मोठें नांव वाचून विहिरीला पाणी आहे असें समजण्यासारखें आहे. ज्याच्याकडून घेतों तो कोण, हेंच पाहिलें पाहिजे.

आणि येथेंच खरी मेख आहे. पुष्कळ विक्रेते आपल्या नांवाचें बिलच देत नाहींत. आधींच्या धन्याच्या सह्या २९ व ३० नंबरच्या फॉर्मवर घेऊन ठेवितात, त्यावर नव्या गिऱ्हाइकाची सही घेतात, आणि भांडण निघालें कीं 'आम्ही नुसते दलाल, विकणारा तो' असें म्हणून अंग काढून घेतात. २०२२ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें मोटार वाहनांच्या नियमांत ह्यासाठींच भर घातली. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यानें परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यावयाचें आहे, गाडी त्याच्या ताब्यांत आली कीं त्याची वर्दी द्यावयाची आहे, व विकेपर्यंत त्या गाडीचा मालक तोच मानावयाचा आहे. नियम उत्तम आहे. तेव्हां विक्रेत्याच्या दुकानांत शिरतांच पहिलें अधिकारपत्र मागावें, व शेवटीं त्याच्याच नांवाचें, जीएसटी क्रमांक असलेलें बिल घ्यावें. जो बिल देण्यास कांकूं करतो त्याच्याकडील गाडी कितीहि स्वस्त असली तरी आमच्या मतें ती महाग आहे.

फेरफाराचेंहि तेंच. खरेदीखत झालें आणि फेरफार पडला नाहीं तर काय घोटाळे होतात हें आम्हीं तीस वर्षें पाहिलें. मोटारीचा सात-बारा म्हणजे आरसी, व त्यावरील कर्जाची नोंद म्हणजे इतर हक्कांतला बोजा. बोजा उतरल्याचा बँकेचा दाखला व ३५ नंबरचा फॉर्म हातीं आल्यावांचून पूर्ण रक्कम देऊं नये. विकणाऱ्यानेंहि गाफील राहूं नये: २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, गाडी विकली तरी नोंद ज्याच्या नांवावर आहे त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते. आपली जुनी गाडी देऊन दुसरी घेणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. विमा कंपनीलाहि चौदा दिवसांच्या आंत कळविलें पाहिजे.

तपासणीविषयीं आम्ही मिस्त्री नव्हे, तरी आमच्या किनाऱ्यावरचें एक सांगतों. खाऱ्या वाऱ्यानें पत्रा आंतून खातो, वरून रंग मारला कीं दिसत नाहीं. पायांखालच्या चटया उचलाव्या, डिकीतील जादा चाकाखालची जागा हातानें चांचपावी, दारांच्या खालच्या कडेला नखानें टोचून पाहावें. बसण्याचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढावा. पुरांत बुडालेल्या गाडीचा चिखल तेथें लपून राहतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर किती बुडालेल्या मोटारी पुसून-रंगवून लोकांच्या गळ्यांत पडल्या असतील ह्याचा हिशेब कोणी ठेविलेला नाहीं. किलोमीटरच्या आंकड्यावर तर भरंवसाच ठेवूं नये, तो मागें फिरवितां येतो. त्यापेक्षां ब्रेकच्या पेडलचें रबर व स्टिअरिंगची झीज खरें बोलतात. आणि गाडी पाहावयास जावयाचें तें इंजिन थंड असतांना. विकणाऱ्यानें आधींच तापवून ठेविलें असेल तर तो कांहींतरी झांकतो आहे असें समजावें.

पुन्हां आमच्या शेजाऱ्यांकडे वळूं. मिस्त्रीनें उघडतांना फोटो काढले होते व जळालेली गॅस्केट त्यांच्याजवळ होती. काढलेला भाग गॅरेजांत सोडून न येणें हें फार महत्त्वाचें, कारण दोषाची परीक्षा करण्याकरितां आयोग तो प्रयोगशाळेकडे पाठवूं शकतो. आम्हीं नोटिशीचा मसुदा करून दिला, पोंचपावतीसह टपालानें ती गेली, १९१५ वर तक्रार झाली. तीन आठवड्यांनीं विक्रेत्यानें 'सदिच्छा म्हणून' २२ हजार रुपये देऊं केले व शेजाऱ्यांनीं ते घेतले. आम्ही दावा लावा म्हणून आग्रह करीत होतों. ते म्हणाले, 'भाऊसाहेब, तारखांना वांद्र्याला जाऊं कीं वाडीला पाणी देऊं?' ह्या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, व आजहि नाहीं. उरलेले १६,५०० रुपये त्यांचे गेले, आणि तो विक्रेता तोच कागद आज दुसऱ्या कोणाच्या पुढें सारीत असेल.

म्हणूनच एकेकट्यानें लढण्यापेक्षां संघानें हें काम अंगावर घ्यावें अशी आमची सूचना आहे. सरकारकडे अर्ज करावा कीं, जुन्या गाडीच्या विक्रेत्यानें ज्ञात दोषांची, अपघाताची व पुरांत बुडाल्याची लेखी कबुली बिलासोबत देणें सक्तीचें करावें; वॉरंटींतील वगळलेल्या भागांची यादी मोठ्या अक्षरांत व मराठींत असावी. सरकार हें करील तेव्हां करील. तोंपर्यंत सभासदांना गाडी घेण्यापूर्वीं तपासून देणारा एक मिस्त्री संघानें ठरवावा, व त्याची फी सभासदानें द्यावी, विक्रेत्यानें नव्हे. मालवणीच्या मिस्त्रीस आम्हीं विचारलें आहे. रविवार सोडून कोणत्याहि दिवशीं, सकाळीं दहाच्या आंत, इंजिन थंड असतांना, यावयास तो तयार आहे.